लाल रेघ

"अठारह तक सब लाइन में आ जाइए!" शिट्टीवाला ओरडला. अमौसीच्या पुढे, हमरस्त्याच्या कडेला, फेब्रुवारीतल्या धुक्यात मुलींच्या सायकल संघाची निवड चाचणी चालली होती आणि तेरा नंबरची मुलगी नुकतीच सुटली होती. दर मिनिटाला एक जायची. सावनीच्या पाठीवर अठरा नंबर होता आणि तिचे दोन्ही बूट वडिलांच्या हातात होते.

रमाकांत बोरसे वीस वर्षं हवाई दलात विमानांचे बोल्ट आवळून निवृत्त झालेले. तिथे एक पद्धत असते. बोल्ट हवा तेवढा आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि तपासणाऱ्याला लगेच कळतं. रेघ ओढली की काम संपलं, पुढे चर्चा नाही. तेलीबागच्या घरात ही रेघ गॅसच्या रेग्युलेटरवर, पंख्याच्या हुकावर आणि बायकोच्या, पद्माबाईंच्या, शिलाई मशीनवरही पोचली होती. मग मुलीचे बूट कसे सुटणार?

हे सायकलचे बूट सावनीच्या नरहरकाकांनी परदेशातून आणलेले. तळाला तीन स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची जाड पट्टी असते, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमध्ये खट्‌कन अडकली की पाय पेडललाच जोडला जातो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. जुन्या क्लीट झिजल्या म्हणून रमाकांतांनी दसऱ्याला नव्या बसवल्या. जुन्या पट्टीभोवती बॉलपेनने आखून, अगदी त्याच जागी. ते आखणं त्यांनी नरहरकाकांना मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

डाव्या बुटावरची रेघ ठीक होती. उजव्यावरची जरा जास्तच चमकत होती. त्यांनी बूट नाकाशी नेला.

"ही नेलपॉलिश आहे."

चौदा नंबर सुटला.

त्यांनी पुढच्या स्क्रूला ॲलन की लावली. स्क्रू अर्धा फेरा सहज आत गेला. असाच राहिला असता तर ऐन जोरात पट्टी जागची फिरली असती, पाय पेडलमध्ये अडकून राहिला असता आणि मुलगी ट्रकच्या रस्त्यावर आडवी झाली असती. भीती वाटली की त्यांना आधी राग येतो, तसा तो आला.

"कोणी हात लावला याला?"

"मैंने." सावनी मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "कल शाम को. थोड़ा सा घुमाया, बस."

"का?"

"घुटना दुखता है."

"कधीपासून?"

"दशहरे से."

"पंद्रह!" शिट्टी वाजली.

"म्हणजे चार महिने! आणि मला सांगायचं नाही?"

सावनीने मान वर केली. "तुम्ही लाल रेघ मारली होती ना, बाबा," ती मराठीत म्हणाली.

रमाकांतांनी बूट उलटा केला. बॉलपेनची रेषा अजून दिसत होती, पट्टी तिच्यापासून दोनतीन मिलिमीटर तिरकी. त्यांना दसऱ्याला काढलेली जुनी क्लीट आठवली. आतल्या कडेला झिजून पातळ झालेली. त्या झिजेतच पायाला हलायला जागा होती. पाय आपल्याला हवा तसा वळून घेत होता, आणि त्यांनी नवी पट्टी घट्ट बसवून ती जागा बंद केली होती. तीही आखून. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सोलह!"

त्यांनी तिन्ही स्क्रू सैल केले. पट्टी हातात डुगडुगू लागली.

"बाबा, प्लीज!" सावनी कळवळून म्हणाली. "फिर वैसा ही मत करिए. चार ही लड़कियाँ लेंगे. जूनियर में मेरा आख़िरी साल है."

"उभी राहा. सरळ. पाय बघू."

ती नुसत्या मोज्यांवर खडीत उभी राहिली. उजवं पाऊल किंचित बाहेर वळलं होतं. शाळेच्या बुटाची टाचही वर्षानुवर्षं एकाच बाजूने झिजायची. पद्माबाईंनी ती कितीदा पुढे धरून दाखवली होती, आणि ते दर वेळी चांभाराकडे जा म्हणाले होते.

त्यांनी पट्टी फिरवली. सावनीने फिरवली होती त्याहून थोडी जास्तच. तिन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे करत आवळत आणले. शेवटचा पीळ पक्का बसला.

"सत्रह! अठारह, बिटिया, जल्दी करिए!"

सावनीने बूट चढवले आणि ती सायकलवर बसली. मागून एका स्वयंसेवकाने सीट धरली. उजवा पाय पेडलवर आला, खट्. टाच फिरवून तिने तो सोडवून पाहिला, पुन्हा अडकवला. रमाकांतांनी खिशातून लाल रंगाची बाटली काढून झाकण उघडलं होतं. ब्रशला रंगही लागला होता.

"बाबा, रेघ राहिली."

"राहू दे," ते म्हणाले. "आधी गुडघ्याला विचारून ये."

शिट्टी वाजली. सावनी पेडलवर उभी राहिली आणि बघता बघता धुक्यात दिसेनाशी झाली. मग एकोणीस गेली, वीस गेली. रमाकांत तिथेच उभे होते. हातातल्या ब्रशवरचा लाल रंग वाळून गेला होता.