डब्यातलं नाव

"पडद्यावर काय येईल, सुलाबाई?" क्रांती मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं. सुलाबाई फळ्याकडे बघत गप्प उभ्या होत्या.

फळ्यावर दोनच ओळींचा प्रोग्राम होता. पहिल्या ओळीत एक व्हेरिएबल केला होता आणि त्यात 'मानसिंग' हे नाव ठेवलं होतं. दुसऱ्या ओळीत, व्हेरिएबलमध्ये जे असेल ते पडद्यावर दाखव, असा हुकूम होता. व्हेरिएबल म्हणजे वर चिठ्ठी लावलेला डबा, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

उंब्रजच्या या वर्गातून प्रत्येक गावाला एकच बाई निवडायची होती, तिथल्या शाळेत पोरांना प्रोग्रामिंग शिकवायला. सुलाबाईंची स्वतःची शाळा लग्नापायी सातवीतच सुटली होती. आता पन्नाशीत पुन्हा शाळेची पायरी चढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. पाटणकडच्या गावाहून तीन आठवडे एसटीनं येत होत्या, एकही खाडा नाही. एकच हुकूम पुन्हा पुन्हा चालवणारा लूप तर त्यांना सगळ्यांच्या आधी जमला. आणि आज तोंडी परीक्षेत असल्या फुटकळ प्रश्नाला घोडं अडलं.

मॅडमना वाईट वाटलं, पण करणार काय? त्यांनी शून्य लिहायला पेन उचललं. सुलाबाईंच्याच गावची स्वप्नाली अचूक उत्तरं देऊन बसली होती. सुलाबाई गळाल्या की शाळा तिची. तिला हे पक्कं ठाऊक होतं, तरी तीच उठली.

"मॅडम, ते त्यांच्या मालकांचं नाव हाय. त्या कशा घेतील?"

वर्गात खसखस पिकली. मॅडम ओशाळल्या. नाव त्यांनी आपलं सहज सुचलं म्हणून लिहिलं होतं. मग त्या म्हणाल्या, नाव राहू द्या, व्हेरिएबल म्हणजे काय तेवढं शाळेतल्या पोरांना सांगाल तसं सांगा, सांगता आलं तर शाळा तुमची.

सुलाबाईंनी पदर सावरला. वर्गातल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली.

"आवं, त्यात काय अवघड हाय? हितं बसल्याल्या समद्या आमी आपापल्या मालकास्नी 'हे'च म्हनतो. पर हरएकीचं 'हे' येगळं."