कुशाबाच्या नावाचा घास

हैबतीने ओढ्यातला दगड हळूच उलटला आणि खेकडा पाठीकडून उचलला. सुरुवातीला बोटं रक्ताळायची. आता हात शिकले होते.

वरंधच्या वरच्या रानात तो भातकापणीच्या आधीपासून एकटा होता. पहिल्यांदा त्याने करांद्याचे कडू कंद तसेच खाल्ले आणि पोट धरून ओकला. मग कळलं, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवल्या की कडूपणा जातो. बिबट्याची पावलं दिसल्यावर तो जांभळीच्या बेचक्यात फांद्या बांधून निजू लागला. चिलमीसाठी कमरेला असलेल्या चकमकीने विस्तव पाडायचा आणि राखेत जपायचा. देह रानाला सरावला. मन सरावलं नाही.

रानडुकरं भात नासवत होती, म्हणून तो आणि त्याचा मित्र कुशाबा बंदूक घेऊन निघाले होते. झुडूप हललं. हैबतीने बार काढला. तिथे डुक्कर नव्हतं, कुशाबा होता. हैबतीने बंदूक टाकली आणि तो पळाला, नदी ओलांडून थेट इथवर. 'माझ्या हातनं मित्र मेला,' तो रोज स्वतःशी म्हणे. खाली गेलं की फाशी. भाजलेल्या खेकड्याचा पहिला घास तो कुशाबाच्या नावाने पानावर ठेवी, मगच खाई.

आजही त्याने घास ठेवला. तेवढ्यात करवंदीच्या जाळीआडून कुशाबा काठी टेकत आला.

हैबती मागे सरकला. "भूत..."

"भूत लंगडतं व्हय रे? जिता हाय मी." कुशाबा धापा टाकीत खाली बसला. त्याची एक मांडी पार वाळली होती. "धूर दिसला. म्हटलं, तूच असशील."

हैबतीने त्याचे पाय धरले. तो ओक्साबोक्शी रडला. "मला वाटलं, मेलास तू. देवाशपथ!"

"गावात मी सांगितलं, बंदूक माझ्याच हातनं उडाली. तुला कोण धरणार नाय. चुकून बार लागला, त्याचा राग नाय मला."

रडता रडता हैबती हसू लागला. त्याने खेकडा मित्रापुढे केला. कुशाबाने तो घेतला नाही.

"एवढा डोंगर चढलो तो एकच इचारायला. मी तुला हाका मारीत व्हतो, हैबती. लय येळ. ऐकू आल्या का रे तुला?"

हैबतीने मान खाली घातली.

"नदी वलांडेपर्यंत येत व्हत्या," तो म्हणाला.