चालत्या साच्यातली गाठ

"दोन प्रश्नांना वेळ नाही हं काका, एकच विचारा," सूत्रसंचालन करणाऱ्या मनीषाताई माइकवरून म्हणाल्या.

शेवटच्या रांगेतल्या हनीफने वर केलेला हात खाली घेतला. "एकच हे, ताई. बोटंच दोन राहिलीत."

गंगापूर रोडवरच्या त्या गारेगार सभागृहात एकदोघे हसले आणि मग ओशाळून पुढे बघायला लागले.

निवृत्त राजदूत प्रफुल्ल सुकेणकर तासभर आखातातल्या युद्धावर बोलले होते. वाटाघाटींची अकरावी फेरी कुठे होणार, मसुद्यात 'विराम' लिहायचं की 'स्थगिती', कोण कोणाच्या शेजारी बसायला तयार नाही. एकीकडे बॉम्ब, दुसरीकडे बोलणी, यात वावगं काही नसतं, असंही त्यांनी घोटघोट पाणी पीत सांगितलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या होत्या.

हनीफने दिल्या नव्हत्या. तो सकाळच्या एसटीने मालेगावहून आला होता तो हे ऐकायला नाही.

"साहेब, माझा पोरगा फैजान तिकडंच हे. बंदरावर क्रेन चालवतो. नऊ दिवस झाले, फोन नाय. हे लोक आधी बॉम्ब थांबवून मग बोलत का नाय?"

सुकेणकर समजुतीचं हसले. त्या हसण्यानेच हनीफचं डोकं फिरलं.

"तुमची काळजी समजते मला. पण लढाई आधीच थांबवली, तर समोरचा ऐकेल कशाला? दोन्ही एकदम चालवावं लागतं."

"मी चाळीस साल साचा चालवला." मालेगावात यंत्रमागाला साचाच म्हणतात. "सुताची तार तुटली की पहिले साचा बंद करायचा, मग गाठ मारायची. चालत्या साच्यात हात नाय घालत कोणी."

"युद्ध म्हणजे यंत्रमाग नव्हे, काका."

"आमचा मालक पण असाच बोलायचा. म्हणे, थांबवू नको, माल अडतो, चालू ठेवूनच मार गाठ. मी मारली. तीन बोटं साच्याने खाल्ली."

मनीषाताईंनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. कोणीतरी हनीफच्या हातातला माइक काढून घेतला. व्यासपीठावर शाल आली, नारळ आला. सुकेणकरांनी नारळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

हनीफ अजून उभाच होता. माइक नव्हता, तरी त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

"मालकाची दहाच्या दहा शाबूत हेत, साहेब."