गल्लीचं मत

विश्वजीत सरांनी हेडफोन काढला, कान चोळला आणि सांगून टाकलं की सोमवारपासून दुपारच्या तासाला पाककृती.

दुपारचा तो तास योगिनीचा होता. रॉक आणि मेटलची ताजी गाणी ती त्यात लावायची. जालना रोडवरच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रात ती टिकून होती ती त्या एका तासावर. तास गेला की तिलाही घरचा रस्ता धरावा लागणार होता. घरी तरी कोण तिची बाजू घेणार? वडील मल्हारी, उभा जन्म मेंढरांमागं घातलेला माणूस. त्यांनी एकदाच कार्यक्रम ऐकला आणि म्हणाले, हे वाघरीच्या जाळीजवळ लावलं तर एक मेंढरू जागेवर राहायचं नाही.

सरांचा सवाल साधा होता. भर दुपारी हा दणदणाट ऐकतं कोण? एक तरी श्रोता दाखव.

एक होता. वाळूजचे कचरूमामा. रोज सकाळी केंद्रावर फोन करायचे आणि आदल्या दिवशीच्या गाण्यांचा निकाल लावायचे. सुरुवात ठरलेली असायची, आमच्या गल्लीचं मत सांगतो. ती गल्ली सगळी एकाच कारखान्यातली. तिथल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मोठाल्या मशिनींशेजारी त्यांची हयात गेली होती. गेल्या दिवाळीत तो विभागच बंद झाला आणि सगळे एकदमच घरी बसले. ठेका यांना नाही कळणार तर कुणाला कळणार, असं योगिनीला वाटायचं.

मतं अगदी रोखठोक. पुण्याच्या एका नव्या बँडचं गाणं मामांनी डोक्यावर घेतलं, कारण त्यातला ड्रम पहिल्यापासून एका चालीत होता. सगळीकडे गाजत असलेलं एक परदेशी गाणं मात्र साफ नापास केलं.

"मधीच समदे गप झाले," ते म्हणाले. "आन् मंग तो गडी एकदम असा कोकलला, की छातीत धस्स झालं. अशी दगाबाजी बरी नाय, ताई."

सुरुवातीच्या एक-दोन गाण्यांवर बोलून ते थांबायचे. शेवटच्या गाण्यांचा विषय निघाला की म्हणायचे, ते बी चांगलंच असंल. योगिनीला त्यात जाणकाराचा तोल दिसायचा. उगाच सगळ्यावर मत देत सुटणारा हा माणूस नव्हे.

एकदा त्यांनी तिलाही सोडलं नाही. दोन गाण्यांच्या मधे तुम्ही लई बोलता, तेवढं आवरा, म्हणाले. तिला लागलं, पण तिनं बोलणं कमी केलं. गाणीसुद्धा ती मामांच्या पसंतीनं निवडायला लागली. हळूहळू कार्यक्रमात मधेच थबकणारं गाणं उरलंच नाही.

सरांसमोर ती हे सगळं सांगत असतानाच मामांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला. सरांनी आधी स्वतःची ओळख सांगितली आणि मग सरळच विचारलं, ही गाणी तुम्हाला खरंच आवडतात का?

"आवडायचं सोडा, सायेब. ह्या तासाबिगर आमची दुपार निघत नाय. तुमी बंद केला तर समद्या गल्लीचे हाल व्हतील. आमच्या बायका तर तुमच्या दारात येऊन बसतील."

बायकाही ऐकतात की काय, सरांनी चकित होऊन विचारलं.

"त्यांच्याच जिवाला लई आराम पडलाय, सायेब."

फोन संपल्यावर सरांनी सोमवारचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले की पाककृती सकाळी घेऊ. योगिनीचा जीव भांड्यात पडला. जिन्यात जाऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर तिला सपाटून भूक लागली.

शनिवारचा कार्यक्रम तिनं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन वाळूज गाठलं.

गल्लीच्या तोंडाशीच तिला ड्रम ऐकू आला. पहिल्या घरातून, शेजारच्या घरातून, समोरच्या ओळीतूनही. प्रत्येक रेडिओ पूर्ण आवाजात होता. छपरांचे पत्रे थरथरत होते. दारं नुसती लोटलेली, बाहेर चिटपाखरू नाही. सगळे कसे आत बसून, कान देऊन ऐकत होते. योगिनीचे डोळे भरून आले. काचेच्या खोलीत एकटीनं बोलताना तिला नेहमी वाटायचं, पलीकडे कुणीच नाही. आज तिच्यापुढे एक आख्खी गल्ली होती.

तिनं कचरूमामांचं घर हुडकून कडी वाजवली. त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी दार उघडलं. योगिनी नाव सांगणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला हाताला धरून आत घेतलं.

आत फळीवरची भांडी गाण्याबरोबर किणकिणत होती. खाटेवर, रेडिओ अगदी उशाशी घेऊन, कचरूमामा तोंड उघडं टाकून घोरत होते.

गाणं संपलं. रेडिओवर योगिनीचा आवाज आला आणि पुढच्या गाण्याविषयी सांगू लागला. घोरणं थांबलं. मामांनी तोंड वाकडं करून कूस बदलली. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं, समोर एक खाट करकरली.

आशाबाईंनी कपाळाला हात लावला आणि योगिनीच्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "काय काम असंल ते मागून सांग, पोरी. ती मशीन बंद झाल्यापासून ह्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता, आता कुठं नीज याया लागलीय. पर ही एक बया मधीच बोलती, आन् समदी गल्ली जागी करती."