धरलेली जागा

माझ्या नातीचं, मंजुश्रीचं, लग्न झालं त्या वर्षी शेजारचा धम्मरत्न गुडघा मोडून आमच्या धाड गावी परतला. भारताकडून दहा वर्षं रग्बी खेळलेला हा गडी बुलढाण्याला पोरांना खेळ शिकवायला जाऊ लागला. बाजारच्या दिवशी एसटी आली, की तो दूर उभा राही आणि त्याची आई जनकाबाई कोपरं मारत आत घुसे.

"ये बे, जागा धरली!" ती खिडकीतून ओरडे.

"माय, हळू बोल वं. मी भारताकडून खेळलो."

"हाव ना. मंग एसटीत घुसता काऊन येत नाही तुले?"

त्याला बसवून ती खाली उतरे आणि बाजारात जाई.

आता बाजारच्या दिवशी धम्मरत्न बुलढाण्यापर्यंत उभ्यानं जातो.

 

जनकाबाई गेल्या बुद्धपौर्णिमेला वारली.