शपथ घेणार नाही

"ठेव हात," ताई म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर ठेव आणि म्हण, पुन्हा थेंबाला शिवणार नाही."

काचवाल्याने दोन्ही हात खिशात घातले.

"नाही."

काचेच्या त्या दुकानात चौघंच होती. तो, त्याची थोरली बहीण, बायको आणि मुलगी चिंगी. चिंगी हे नाव लहानपणी पडलं ते चिकटलं. आता ती बापापेक्षा बोटभर उंच झाली होती. त्याच्या पिण्याला कंटाळून बायको मुलीला घेऊन घरातून निघाली, ती माहेरी न जाता थेट नणंदेकडे. ताईने भावाची बाजू घेतली नव्हती. आज तीच दोघींना परत पोचवायला आली होती, पण शपथ घेतली तरच.

"नाही म्हणजे?" ताईचा आवाज चढला. तो चढला की काचांच्या दुकानात जरा भीतीच वाटायची. "सोडली म्हणतोस ना? मग शपथ घ्यायला तुझं काय जातंय?"

"माझं काहीच जात नाही. म्हणूनच घेणार नाही."

"झालं सुरू." ताई भावजयीकडे वळली. "सोडलीबिडली काही नाही यानं. काय रे, किती दिवस झाले?"

"मोजत नाही."

"का?"

"मोजणारा सुट्टीची वाट बघत असतो."

पिशवीच्या बंदाला पीळ देत बसलेल्या बायकोने पहिल्यांदाच मान वर केली.

"ताई, आईसाठी सोडली," तो म्हणाला. "हिच्यासाठी सोडली. चिंगीसाठी तर दोनदा. दर वेळी वाटायचं, मी तुमच्यावर उपकार करतोय. मग तुमच्यापैकी कुणी एक शब्द वाकडा बोललं, की निघालो. उपकार परत."

"आणि आता कुणासाठी सोडलीस? शेजाऱ्यांसाठी?"

सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"त्या दिवशी सकाळी दारूच्या दुकानाबाहेर उभा होतो. शटर उघडायचं होतं. दुकानवाला आला, माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'सरक.' आणि मी सरकलो. झटकन. वर हसलोसुद्धा." खिशात त्याच्या मुठी आवळल्या. "मी, ताई! मास्तरांचं ऐकलं नाही, आपल्या अण्णांचा मार खाल्ला पण ऐकलं नाही. तुझं तर कधीच नाही. कुणाच्या बापाचं न ऐकणारा मी, आणि बाटलीसाठी हसत हसत बाजूला झालो. असा राग आला म्हणतेस! तसाच मागे फिरलो."

"म्हणजे बायको गेली, पोरगी गेली, तेव्हा नाही," ताई एकेक शब्द तोडत म्हणाली. "आणि कुणी उपटसुंभ 'सरक' म्हणाला म्हणून सोडलीस?"

"हो."

"लाज नाही वाटत सांगायला?"

"वाटते. पण खरं तेच आहे."

तेवढ्यात चिंगी बोलली. आवाज साधाच होता, कुठलं सामान कुठे ठेवलंय हे विचारावं तसा.

"मागच्या वेळी माझी शपथ मोडलीत ना, बाबा, त्याच आठवड्यात मला ताप आला होता. मला वाटायचं, आता मी मरणार. कुणाला सांगितलं नाही. रोज रात्री तुमच्या तोंडाचा वास यायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे."

काचवाल्याचे हात खिशातून बाहेर आले. त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. त्याने ते समोरच्या टेबलावर दाबून धरले. बोटं अजून थोडी थरथरत होती. त्याने ती लपवली नाहीत.

"या वेळी मोडलं तर माझं मोडेल," तो म्हणाला. "तुझ्या केसालाही त्याचा धक्का नाही. तुझं नाव यात नाहीच."

"चला गं," ताई उठली. "हा सुधारणार नाही. हट्टी होता, हट्टीच राहणार."

"तो हट्टच तर आता कामाला लावलाय," तो म्हणाला.

ताई पायऱ्या उतरलीसुद्धा. बायको दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मी आत्ता येत नाहीये."

"मी बोलावतही नाही. घराचं कुलूप मात्र तेच आहे."

बायकोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तीही उतरली.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. कुणाच्या तरी दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच न्यायला तो आला होता. काचवाल्याने हातमोजे चढवले आणि माणसाहून उंच ती काच एका कडेने उचलली. दुसरी कड जमिनीवरून घसरली, कुरकुरली.

"चिंगे, येतेस ना?" ताईने रस्त्यावरून हाक मारली.

चिंगीने टेबलावरची हातमोज्यांची दुसरी जोडी घेतली. बोटं मोठी होत होती तिला. तिने वाकून काचेची घसरणारी कड धरली आणि वर उचलली. आता काचेच्या अलीकडे तो होता, पलीकडे ती.

"तुमच्यासाठी नाही धरलेली," ती म्हणाली. "फुटेल म्हणून."

"तशीच धर," तो म्हणाला.