अकरा मिलिमीटर

"आधी नऊ मिलिमीटर होती. आता अकरा आहे," टर्नर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "मोजली कशानं?"

"व्हर्नियरनं. कारखान्यातल्या." तो लेथवर काम करायचा. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

शेजारी त्याची बायको पर्सच्या चेनशी चाळा करत बसली होती. दोघंही अजून तिशीच्या आतली. केसपेपर तिच्या नावाचा होता. खिडकीवर उभं राहून नवऱ्यानंच तो काढला होता.

"स्तनातली गाठ आहे ती, लोखंडाचा तुकडा नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखते?"

"अजिबात नाही," पुन्हा टर्नरच बोलला. "कडक आहे. डावीकडे, एकच."

"पाळीच्या आधी फुगते?"

टर्नरनं पंख्याकडे पाहिलं. "त्याचा काही संबंध नाही."

"संबंध आहे की नाही ते मी ठरवते. यांनाही तोंड आहे ना? बोला हो बाई तुम्ही."

"चार महिने झाले," बायको हळू म्हणाली. "रोज घोकतेय, दवाखान्यात जाऊ. हे म्हणतात, दुखत नाही ना, मग जिरेल आपोआप."

"ऐकलंत?" डॉक्टरीणबाई टर्नरकडे वळल्या. "चार महिने! न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ दिसली की त्याच आठवड्यात यायचं. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण ते हात लावून, सोनोग्राफी करून कळतं, घरी बसून नाही. लाजेपायी मेलेली माणसं पाहिलीत मी. घरात आधी कोणाला होतं असलं काही?"

"आईला," टर्नर म्हणाला. "त्यातच गेली."

पेन थांबलं.

"बोंडातून पाणी, रक्त?"

टर्नरनं गळ्याजवळचं बटण चाचपलं. "परवा कपड्याला डाग होता. रक्ताचा."

बायकोनं झटकन त्याच्याकडे पाहिलं.

"मॅडम, नुसती गोळी लिहून द्या ना," तो घाईघाईनं म्हणाला. "तपासणी नको. कारखान्यात कळलं तर पोरं जगू द्यायची नाहीत."

"बायकोच्या गाठीचं त्या पोरांना काय घेणं? आणि तुम्ही माल न तपासता पास करता का?"

"नाही."

"मग मीही करत नाही." डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, पडदा सारला. "या बाई, आडव्या व्हा."

बायको उठली. पडद्याकडे गेली नाही. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या गळ्याजवळचं बटण काढलं.

"डाग माझ्यापासूनही लपवलात," ती म्हणाली. "काढा तो शर्ट."